एका दिवसात जाऊन-येऊन

भंडाऱ्याच्या कलेक्टर ऑफिसातल्या आमच्या नकाशा कक्षातले संगणक बदलले, टेबलं बदलली, माणसंही बदलली. तरी स्क्रीनवर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला की मला कुंदाताई रंगारी आठवतात. त्या काळी आमच्या स्क्रीन बोटाला दाद देणाऱ्या नव्हत्या. ताई मात्र माऊसकडे ढुंकूनही न बघता तर्जनी थेट काचेवर टेकवायच्या. एक ठसा पवनीवर, एक लाखांदूरवर, आणि जेवणाची सुट्टी नुकतीच झालेली असली तर जवसाच्या चटणीच्या तेलासकट. संध्याकाळपर्यंत अख्खा भंडारा जिल्हा तेलकट होऊन जायचा. मी कापड घेऊन पुसायला उठलो की म्हणायच्या, "राहू द्या जी लांजेवार भाऊ. आज कोठी कोठी विचारलं, ते तं दिसते त्याच्यानं."

ताई आमच्या कक्षाच्या प्रमुख होत्या. भूगोल घेऊन एम.ए. झालेल्या, अंगानं आडव्या, आवाजानं त्याहून मोठ्या. खळ केलेली सुती साडी, टेबलावर बुद्धाची ओंजळीत मावेल एवढी मूर्ती. राहायला अड्याळला. रोज एसटीनं भंडाऱ्याला यायच्या आणि एसटीनंच परत जायच्या. पती शिक्षक होते, ते लवकर गेले. घरी ताई आणि त्यांची एकुलती मुलगी पल्लवी, दोघीच.

कक्षाचं काम तसं साधं होतं. जिल्ह्यातली गावं, तलाव, रस्ते, शाळा, दवाखाने, सगळं संगणकातल्या नकाशावर बसवायचं आणि कोणी काही विचारलं तर उत्तर काढून द्यायचं. पण विचारायचं म्हणजे माझ्याकडे यायला लागायचं. मी तो प्रश्न संगणकाच्या भाषेत लिहायचो आणि उत्तर म्हणून गावांच्या नावांचा कागद छापून निघायचा. साहेब तो कागद उलटा-सुलटा करून बघायचे आणि फायलीत लावायचे. ताईंना हे पटत नसे. "विचारनारा एक, लिवनारा दुसरा, अन् समजनारा कोनीच नाही," त्या म्हणायच्या. "सायबाले बी अन् सरपंचाले बी बोटानं विचारता आलं पायजे."

म्हणून त्यांनी माझ्याकडून एक खिडकी बनवून घेतली. डाव्या बाजूला तीनच गोष्टी: कुठून, कुठे, किती वेळात. गाव निवडायचं, वेळेची पट्टी सरकवायची, की नकाशावर आपोआप रंग भरत जायचे. एकही अक्षर लिहायला नको. आज असल्या गोष्टी कोणाच्याही फोनमध्ये असतात. तेव्हा आमच्या त्या मागच्या खोलीत, सायकल स्टँडच्या आवाजात, ती पट्टी सरकताना गावं एकामागून एक उजळायला लागली तेव्हा ताईंनी ती पाच-सहा वेळा पुढं-मागं करून बघितली.

रंगांवरून खूप वाद झाले. लाल रंग ताईंनी वापरूच दिला नाही. "लाल पायला का सायब घाबरते. अन् घाबरलेला माणूस का करते? बैठक लावते." म्हणून जवळच्या गावांना हिरवा आणि दूरच्यांना जांभळा. अंतर किलोमीटरमध्ये दाखवायलाही त्यांचा विरोध. "किलोमीटर पाखराले लागते जी. मानसाले एसटी लागते." मग मी आगारांमधून वेळापत्रकं आणली आणि आमचा नकाशा एसटीच्या वेळेनं अंतर मोजायला लागला.

इथं माझ्याविषयी एक सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. खिशात तिकीट असलं तरी तपासनीस बसमध्ये चढला की मी सगळे खिसे चाचपायला लागतो. ताईंनी हे पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला, आणि तो मी घातलेलाही नव्हता, तरी मी "सॉरी ताई" म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "लांजेवार भाऊ, सकाळी उठल्याबरोबर घरी माफी मांगता का जी, का चहा पेऊन?"

नकाशा तयार झाल्यावर ताई म्हणाल्या, आता जाऊन बघू. ही त्यांची पद्धत होती. नकाशात जे दिसतं ते एकदा तरी एसटीत बसून तपासायचं. आम्ही आसगावच्या पुढचं एक लहान गाव निवडलं. नकाशात ते हिरवं होतं, म्हणजे तिथला माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात एका दिवसात पोचू शकत होता. दिवस धान कापणीचे होते. शेतांमध्ये कापलेल्या धानाच्या भाऱ्यांची उंच पुंजणी रचलेली होती. पुढं लाखांदूरला जाणाऱ्या गाडीनं आम्ही दुपारी पोचलो, तलावाची पाळ बघितली, शाळा बघितली, ताईंनी दोन घरी पाणी आणि एका घरी चहा घेतला. मग पानठेल्यावर येऊन ताईंनी विचारलं, "भंडाऱ्याची गाडी कवा हाये जी?"

ठेल्यातल्या म्हाताऱ्यानं पानाला चुना लावता लावता सांगितलं, "ते तं सकाळीच गेली. आता उद्या."

"उद्या? आमच्या नकाशात तं हे गाव हिरवं हाये."

"मंग नकाशातच बसून जा न बाई."

बाकड्यावरची माणसं हसली. ताईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही लोक दवाखान्यात जाता तेव्हा परत कसे येता? म्हातारा म्हणाला, "येतो कोठी? सोयऱ्याच्या घरी मुक्काम. दवाखाना एक दिवसाचा, पाहुनचार दोन दिवसाचा. सोयरा बी आता आमाले पायलं का दार लावून घेते."

परतीला धानाचे भारे नेणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली मिळाली. भाऱ्यांवर बसून आम्ही आसगावला आलो. प्रोग्राम मी लिहिला होता, म्हणून मी वाटभर माफी मागत होतो. ताईंच्या साडीला तणस चिकटलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "तुमी चूप बसा, मले विचार करू द्या." आणि आसगावचा फाटा दिसायला लागल्यावर हळूच म्हणाल्या, "लांजेवार भाऊ, आपन मानसं पाठवून देल्ले. आनलेच नाही."

ती चूक आमच्यासारखी नकाशेवाली माणसंच करू शकतात. गावाहून दवाखान्यापर्यंतचा बाण आम्ही काढला होता आणि तो पोचला की काम झालं, असं धरून चाललो होतो. त्यानंतर ताईंनी मला पुन्हा सगळं लिहायला लावलं. आता गाव हिरवं व्हायचं तर तिथला माणूस सकाळी निघून, काम उरकून, दिवस मावळायच्या आत स्वतःच्या घरी पोचला पाहिजे. त्या रंगाला आम्ही नावच दिलं, 'जाऊन-येऊन'.

नवा नकाशा बैठकीत दाखवला तेव्हा निम्मा जिल्हा जांभळा झालेला होता. साहेबांना ते आवडलं नाही. "मॅडम, मागच्या वेळी तर चांगला हिरवा होता." ताई शांतपणे म्हणाल्या, "मागच्या वेळी जिल्हा फक्त गेला होता, साहेब. या वेळी तो परत आणून पाहिला." सगळी बैठक हसली. साहेबही हसले आणि त्यांनी स्वतः पट्टी सरकवून बघितली. त्यातून पुढं एका गावाला मुक्कामी गाडी मिळाली. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी गावात येऊन रात्रभर तिथंच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एसटी. ताई एका शनिवारी काही काम नसताना त्या गाडीत बसून त्या गावापर्यंत गेल्या. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लोकं उतरताना कसे दिसते ते पाहाले."

पल्लवी लग्नाच्या वयाची झाली तेव्हा ताईंनी हाच नकाशा तिच्यासाठी उघडला. शेजारच्या जिल्ह्यांच्या गाड्याही मला त्यात टाकायला लावल्या. कोणी स्थळ सुचवलं की जेवणाच्या सुट्टीत त्या मुलाचं गाव निवडायचं आणि अड्याळपर्यंतचा रंग बघायचा. मुलाचं शिक्षण, नोकरी, घर, सगळं त्यानंतर. "पोरीले सासरी काही झालं, का मले इकडे काही झालं, तं तिनं सकाळी निंगून जेवाच्या वेळेले घरी पोचलं पायजे," त्या म्हणायच्या. "अन् लई जवळ बी नको. नाही तं सासू भांडून माझ्याच घरी येऊन बसन." गोंदियाचा एक मुलगा सगळ्यांना आवडला होता, आणि तो हिरव्यातही बसत होता. पण पल्लवीलाच तो नको होता. चंद्रपूरकडचा एक पल्लवीनं नाकारायच्या आधी नकाशानंच नाकारला, कारण मध्ये गाडी बदलावी लागत होती. ताईंनी मध्यस्थाला स्पष्ट सांगितलं, "मुलगा सोन्यासारखा हाये जी, पन गाव जांभळं हाये." तो बिचारा जांभळं गाव म्हणजे काय, हे विचारत आमच्या ऑफिसात फिरत होता.

पल्लवी आईसारखीच होती, फक्त आवाज कमी. कॉलेजात असताना सुट्टीत आमच्याकडे येऊन बसायची आणि नकाशाचं काम शिकायची. मीच शिकवत होतो. तिला ते इतकं सहज यायचं की मला जरा हेवाही वाटायचा. शिक्षण संपल्यावर तिला पुण्याच्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. ते सांगायला ती पेढे घेऊन आली तेव्हा ताई कलेक्टरांच्या बैठकीत होत्या. सायकल स्टँडपाशी ती मला म्हणाली, "काका, आईला अजून सांगितलं नाही. जाऊ का?"

मी म्हणालो, "जा."

विचार न करता म्हणालो. मला माझं वय आठवलं होतं. मलाही कधीकाळी हैदराबादहून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि आई एकटी पडेल म्हणून मी गेलो नव्हतो. आईनं मला कधीच थांबवलं नव्हतं. मीच थांबलो, आणि नंतर वर्षानुवर्षं तिच्यावर मनातल्या मनात रागावत राहिलो, आणि त्या रागाचंही मला अपराधी वाटत राहिलं. त्या दिवशीचं ते 'जा' मी पल्लवीइतकंच स्वतःलाही म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईंनी डबा उघडला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमी तिले जा म्हनलं?"

"हो, ताई."

त्यांनी डब्यातला आमच्याकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात निम्मा केला, वर वरण घातलं आणि झाकणात घालून माझ्यापुढे सरकवला. "खा."

"ताई, मी..."

"खा म्हनलं न."

मी जेवलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून आजवर या विषयावर त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत.

पल्लवी गेली. दिवाळीला यायची, कधी मे महिन्यात यायची. ती येणार त्या दिवशी ताई ऑफिसात हजर असायच्या आणि ती जाणार त्या दिवशी रजा टाकायच्या. मला हे उलटं वाटायचं. विचारलं तर म्हणाल्या, "येते त्या दिवशी तं येतेच न ते. जाते त्या दिवशी मानूस पायजे घरी." एकदा सुट्टीत त्यांनी नकाशा उघडला आणि पट्टी शेवटपर्यंत सरकवली. पुणं आमच्या जिल्ह्याच्या नकाशात कुठून येणार? म्हणाल्या, "लांजेवार भाऊ, याच्यात पुणं टाकता येते का जी? अन् त्याले एक वेगळा रंग." मी लगेच बसलो. पुण्याचा ठिपका टाकला, रेल्वेचा वेळ टाकला आणि करडा रंग दिला. "राखडीसारखा दिसते," त्या म्हणाल्या. पिवळा दिला. "तब्येत बिघडल्यासारखा दिसते." निळा दिला, केशरी दिला. त्या काचेवर बोट ठेवून बघत राहिल्या, आणि मग हात काढून घेतला. "जाऊ द्या. रंग देल्ल्यानं जवळ येते का?" उठून हात धुवायला गेल्या. तो ठिपका मी पुसला नाही. नवीन संगणक आले तेव्हा जुन्या नकाशाबरोबर तोही गेला.

ताई निवृत्त झाल्या आणि अड्याळलाच राहिल्या. सुरुवातीला मी महिन्यातून एकदा जायचो, नंतर दोन महिन्यांतून, नंतर कामाचं निमित्त सांगत आणखी कमी. प्रत्येक वेळी ठरवायचो की आता नेमानं यायचं. एकदा गेलो तर त्यांनी खाट दारापाशी आणून ठेवली होती. गुडघे धरले होते. "चुलीपासून दार लई दूर झालं जी," हसत म्हणाल्या, आणि मला न विचारता चहा टाकायला उठल्या. मी "राहू द्या" म्हणेपर्यंत गॅस पेटला होता.

पल्लवी दर फोनला म्हणायची, आई, इकडे ये. ताईंचं उत्तर ठरलेलं. विहारात त्यांच्याशिवाय रविवारी कोण बोलणार, शेजारच्या सुनेला बाळंतपणात कोण बघणार, इथला भात तिथं कुठं मिळणार. खरं कारण एकदाच बोलून गेल्या. "मी तिच्या घरी गेली अन् मन नाही लागलं, तं वापस येतानी तिले कसं वाटन?"

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा, पण मध्येच थांबणारा. "भाऊ, पोट्टी मले का म्हनते, माहीत हाये का? म्हनते, आई, तू आजवर माह्या येन्याचाच हिशेब लावत राहिली. गोंदिया झालं, चंद्रपूर झालं, पुणं झालं. मी किती वेळात येईन, हेच पायत राहिली. तू माह्याकडे किती वेळात येशीन, हे एक दिवस बी नाही पायलं." मग त्यांनीच विचारलं, "बरोबर हाये का जी ते?"

बरोबर होतं. इतकी वर्षं तो नकाशा मी त्यांच्यासाठी उघडत होतो, आणि 'कुठून' या ठिकाणी अड्याळ टाकून बघू या, हे मलाही कधी सुचलं नव्हतं. आता फक्त 'जा' म्हणायचं होतं. पण त्या गेल्या तर अड्याळला जायला मला कोणी उरणार नव्हतं. मी जात नव्हतो, तरी त्या तिथं आहेत यावर माझं बरंच काही चाललं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"तुम्ही ठरवा, ताई," मी म्हणालो.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "वा जी! पोरीले झटक्यात जा म्हनलं. माह्या बारीले जीभ काहून अडकली?"

मी सॉरी म्हणालो. त्या आणखी हसल्या.

पल्लवी न्यायला आली. मी वरठीच्या स्टेशनवर गेलो. सामान फार नव्हतं. तांदळाचं एक पोतं मात्र होतं, आणि ते डब्यात चढवताना हमाल, पल्लवी आणि मी, तिघांची दमछाक झाली. ताई फलाटावर उभ्या राहून आम्हाला सूचना देत होत्या. गाडी थोडा वेळच थांबते. त्यामुळे ज्या शब्दांसाठी मी वाटभर जुळवाजुळव केली होती, ते बोलायला वेळच मिळाला नाही. मला विचारायचं होतं की ताई, तेव्हा मी चुकलो होतो का. त्या पायऱ्या चढताना मी त्यांचा दंड धरला. दाराशी वळून म्हणाल्या, "वहिनीले घेऊन येजा एकदा." आणि आत गेल्या.

मी खिडकीपाशी गेलो. ताई खालच्या बाकावर टेकल्या होत्या आणि समोरच्या बाईला विचारत होत्या की तुम्ही कुठं उतरणार, पोरगी कोणाची, जावई काय करतो. ती बाई आधी अंग चोरून बसली होती, मग हसायला लागली. पल्लवी त्यांच्या पायाशी वाकून पोतं बाकाखाली ढकलत होती. तिचे केस तोंडावर आले होते. ताईंनी बोलता बोलताच ते मागे सारले आणि हात तिच्या डोक्यावर तसाच ठेवला.

गाडी हलली. मी हात वर केला. ताईंनी खिडकीकडे बघितलं, मला बघितलं, मान हलवली. हात त्यांनी उचलला नाही. तो मोकळा नव्हता.